नाशिकहून हरिहरेश्वर, बाणकोट, वेळास: वसंतातली एका दिवसाची किनारा-पायपीट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फाल्गुन लागला की नाशिकच्या आमच्या चालणाऱ्या मंडळींत कोकणच्या वारीची चर्चा सुरू होते आणि तेच तेच प्रश्न नव्याने येतात. ज्यांनी आयुष्यभर डोंगरच तुडवले त्यांना समुद्राकाठच्या खडकांत कसं चालायचं हे ठाऊक नसतं, आणि ते आधी सांगणं गरजेचं आहे. उत्तरं कमी-जास्त लांबीची आहेत. भरती-ओहोटीचं उत्तर मात्र कुणीही गाळू नये.

नाशिकला समुद्र कुठला? इतक्या लांब कशाला जायचं?

समुद्र आपल्याला वाटतो तितका दूर नाही. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर आहे. गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पण त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला वळून पालघर जिल्ह्यात अरबी समुद्र गाठते. जव्हारमार्गे डहाणू-पालघरचा किनारा आपल्याला सगळ्यांत जवळचा. तो सुंदर आहे, पण त्याचा बराच भाग वाळूचा आणि सुरूच्या बनांचा. डोंगर थेट पाण्यात उतरलेत, वाट कातळावरून जाते आणि लाट त्या कातळावर फुटते, असा किनारा पाहायचा तर खाली रायगडच्या दक्षिण टोकाला जावं लागतं. तिथे हरिहरेश्वर आहे, सावित्री नदीच्या मुखाशी.

चालायचं नक्की कुठून कुठे?

दिवसाचे दोन भाग करतो. सकाळी, ओहोटीच्या वेळेत, हरिहरेश्वराचा प्रदक्षिणा मार्ग. देवळामागून वर चढायचं, मग दोन कातळांमधल्या चिंचोळ्या खिंडीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या पातळीवर उतरायचं आणि डोंगराला वळसा घालत खडकांवरून पुन्हा गावच्या पुळणीवर यायचं. भरभर चाललात तर तासाभराचं काम. आम्ही त्याला दोन-अडीच तास देतो, कारण खरं बघण्यासारखं तिथेच आहे.

दुपारी जेवून थोडी विश्रांती. मग बागमांडल्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला. बोटीत गाड्याही चढतात. वेसवीला रत्नागिरी जिल्हा लागतो. तिथून बाणकोटचा किल्ला, आणि उन्हं कलल्यावर किनाऱ्याला धरून जाणाऱ्या रस्त्याने वेळास. सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर भरतं. हरिहरेश्वर ते बागमांडले हा तुकडा रिक्षाने गेलात तरी काही बिघडत नाही.

आम्ही त्र्यंबकजवळचा हरिहर किल्ला चढलोय. हे त्याहून सोपं असेल ना?

चढ म्हणून पाहिलं तर खूपच सोपं. हर्षेवाडीच्या त्या उभ्या पायऱ्यांसमोर इथला उतार काहीच नाही. पण किल्ला सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी असतो. किनाऱ्यावरची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. सकाळी नऊला जिथे पाय रोवून उभे होतात, तिथे दुपारी तीनला लाट उसळत असते. आपले तरबेज ट्रेकर इथेच गाफील राहतात. डोंगरात वाट चुकली तर थांबून विचार करायला वेळ मिळतो. इथे खडकाच्या कोपऱ्यात पाणी चढायला लागलं की तो मिळत नाही.

तारीख कशी ठरवता? नेमका आमच्या सोयीचा शनिवार-रविवार का नसतो?

तारीख आम्ही तिथीवरून ठरवतो. बाकी सगळं, सुट्टी, गाडी, मुक्काम, त्यानंतर.

कोकणपट्टीतला जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असं मोजायचं. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं, म्हणून चतुर्थीची ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास येते. दर दिवशी ही वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही आकाशात रोज तेवढाच उशिरा येतो.

आता यातली मेख बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी सगळ्यांत वर चढतं आणि सगळ्यांत लांब ओसरतंही. खडक मोकळा मिळावा म्हणून हाच दिवस चांगला वाटतो. पण त्या दिवशी भरती येते मध्यान्हीच्या आसपास, आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी सहाला, अंधार आणि उजेडाच्या सीमेवर. त्या वेळी ओल्या कातळावर माणसं उतरवायची आमची तयारी नाही. उलट अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते. वेळ दिवसाची, पण ती भांगाची ओहोटी. पाणी फारसं मागे जात नाही, खालचे खडक ओलेच राहतात, आणि डोक्यावर ऊन.

म्हणून आमच्या पसंतीच्या तिथी द्वितीया ते पंचमी, शुद्ध असो की वद्य. ओहोटी पावणेआठ ते दहाच्या दरम्यान येते, उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो त्यामुळे पाणी चांगलं मागे जातं, आणि ऊन तापायच्या आत आपण वर आलेलो असतो.

सणांच्या भाषेत सांगायचं तर तुकाराम बीज आणि तिथीची शिवजयंती, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया आणि तृतीया, उत्तम. रंगपंचमीही हिशोबात नेमकी बसते. पण त्या दिवशी नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने दगडी हौद, उघडतात आणि त्या सोडून गाडीत बसायला कुणी तयार होत नाही, व्हावं असं मलाही वाटत नाही. पाडव्याला ओहोटी साडेसहा-सातलाच येते, तेव्हा आदल्या संध्याकाळी पोचलात तरच उपयोग. रामनवमीला ती दुपारी एकच्या सुमारास जाते. ते दिवस काळारामाच्या उत्सवाचे, एकादशीला रथ ओढायचा असतो. त्या आठवड्यात आम्ही नाशिक सोडत नाही.

पाऊणपटीच्या हिशोबावर किती विसंबायचं?

दिवस निवडायला तो पुरेसा आहे, खडकावर उतरायला नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येला. निघण्याआधी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचं सागरी हवामान जरूर बघावं. तिथे उंच लाटांचे इशारेही मिळतात. आकाश निरभ्र असताना, वारा नसताना, दूरच्या महासागरातल्या वादळाच्या लाटा आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकतात, आणि वसंत-उन्हाळ्यात असे इशारे निघतात. इशारा असेल त्या दिवशी आम्ही खाली उतरत नाही. वरून बघतो आणि बाणकोटला जातो.

शिवाय पोचल्यावर गावात विचारावं. आम्ही जिथे उतरतो त्या घरच्या काकूंना वेळ विचारली की त्या घड्याळाकडे बघत नाहीत. आधी विचारतात, "आज तीथ कुठली?" मग बोटांवर मोजून सांगतात आणि वर बजावतात, "पाण्याकडं पाठ करून उभं राहू नका हां."

खडकावर किती वेळ थांबता येतं?

ओहोटीच्या आधी दीड तास खाली उतरायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात वर यायचं. ओहोटीनंतरचा वेळ कमी का, तर पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं. पहिल्या तासात समुद्र जागचा हललेला वाटत नाही, म्हणून माणसं फोटो काढत बसतात, आणि नंतर तो झपाट्याने येतो. आमच्यात शिट्टी वाजली की सगळे निघतात. त्यावर वाद घालायचा नाही.

त्या खडकांना जाळीसारखी भोकं पडलीत ती कशाने?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. खडक तोच आहे, आपला काळा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. अंजनेरी त्याचीच, ब्रह्मगिरी त्याचाच, पांडवलेणी कोरली तीही त्याच्यातच. सह्याद्रीत त्याला पाऊस आणि वारा झिजवतो. इथे मीठ झिजवतं.

लाटेचे तुषार कातळावर उडतात आणि त्याच्या बारीक छिद्रांत मुरतात. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक वाढताना आजूबाजूचे कण ढकलून सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्यात पाणी अधिक साचतं, मीठही अधिक, आणि खळगा खोल होत जातो. दोन खळग्यांमधली भिंत मात्र तग धरून राहते, म्हणून शेवटी दिसते ती जाळी. भिंतीजवळ तोंड नेऊन बघा. अंगठा जाईल एवढ्या खळग्यापासून ताट मावेल एवढ्यापर्यंत सगळे आकार एकाच भिंतीवर सापडतात. वरच्या कोरड्या खळग्यांच्या तळाशी मिठाची पांढरी पुटं असतात, बोट लावून जिभेला लावलं तर कळतं. खालच्या ओलसर खळग्यांत डाळीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, पाणी परत येईपर्यंत तोंड मिटून.

पायाखालचा सपाट चौथराही लाटांनीच कापलेला आहे. लाटा डोंगराचा पायथा आतून खात जातात, वरचा भाग कोसळतो, ढिगारा वाहून जातो आणि मागे ही फरशी उरते. म्हणून कड्याच्या अगदी खाली बसून डबे उघडू नयेत.

पायात काय घालावं?

मऊ रबरी तळव्याचे, पट्ट्याने घट्ट बसणारे, बोटं झाकणारे सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. डोंगरातले जाड टाचेचे बूट शेवाळावर घसरतात आणि एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत. चपला नकोत. अनवाणी तर मुळीच नको, कारण खालच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. हात टेकतानाही बघून टेकावा. हिरवं, चकचकीत दिसेल तिथे पाय टाकू नये. काळा, कोरडा, खरबरीत खडक पाय धरून ठेवतो.

आई-वडील, लहान मुलं येऊ शकतात का?

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खिंडीतल्या पायऱ्या टाळाव्यात. उतरताना पायऱ्या उंच वाटतात आणि परत चढायची वेळ आली तर दम लागतो. अशा मंडळींनी देवदर्शन करावं, आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव, असा इथला परिपाठ आहे. नंतर गावच्या पुळणीवर आमची वाट बघावी. दुपारच्या फेरीबोटीला ते आमच्याबरोबरच असतात. आमच्यातल्या बऱ्याच आजी-आजोबांना तो भागच जास्त आवडतो.

मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील तर हरकत नाही. एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि ते माणूस मोबाइल खिशात ठेवणारं हवं.

समुद्रात डुंबता येईल?

खडकांच्या बाजूला नाही. कुठल्याही कारणाने नाही. लाट आत ओढते आणि परत आणून आपटते ती कातळावर. पुळणीवरही खाडीच्या मुखाजवळ ओढ जबर असते. तिथे गावकरी सांगतील तेच ऐकायचं. खडकावर उभं राहताना एक साधी गोष्ट पाळावी: जिथवर खडक ओला आहे तिथवर समुद्राची हद्द, त्याच्या अलीकडे थांबायचं. आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघायच्या, कारण लहान लाटांच्या रांगेनंतर मोठी येतेच. सेल्फीसाठी पाण्याकडे पाठ केलेली आम्हाला चालत नाही. नाराजी पत्करतो, पण ओरडतो.

ऊन, घाम, पाणी यांचं काय?

आपल्याकडचं ऊन कोरडं. नाशकात घाम येतो आणि उडून जातो. तिथल्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही, म्हणून तापमान आपल्यापेक्षा कमी असूनही थकवा लवकर येतो. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वाऱ्याने उडणार नाही अशी टोपी. सकाळी उशिरा समुद्रावरून वारा सुटतो आणि गार वाटायला लागतं. तेव्हा ऊन कमी झालंय असं समजू नका, कातडी तेव्हाच भाजते.

वसंतातच का? दिवाळीनंतर थंडीत का नाही?

थंडीत चालणं अधिक सुखाचं, हे मान्य. पण फाल्गुन-चैत्रात कोकण जे देतं ते तेव्हा नसतं. पळस आणि पांगारा फुललेले असतात. सुरंगीचे गजरे विकायला येतात, आणि त्या वासाची बरोबरी करणारं दुसरं फूल मला माहीत नाही. काजूची बोंडं पिकतात, कैऱ्या धरलेल्या असतात. गावोगाव शिमग्याच्या पालख्या नाचतात. तुमच्या वाटेत पालखी आली तर गाडी बाजूला घ्या, हॉर्न वाजवू नका, जमलं तर उतरून दर्शन घ्या.

आणि याच दिवसांत वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जातात.

कासवं नक्की दिसतील का?

नक्की कुणीच सांगू शकत नाही. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पुळणीवर रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्रे काढून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि आज वेळासचे लोकच हे काम अभिमानाने करतात. अंडी कुंपणाच्या आत हलवतात, वर टोपल्या झाकतात आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात. पिल्लं आली असतील तर ती वाळूवर सोडतात आणि ती आपली आपण पाण्याकडे चालत जातात.

दोरीच्या बाहेर उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, उलटं फिरलं तरी नाही. ते काम कार्यकर्त्यांचं. टोपली रिकामी निघाली तर त्यांच्याकडे तक्रार करू नये. घरगुती मुक्कामाची सोय गावात आहे, तेव्हा रात्री तिथेच राहून सकाळी पुन्हा बघता येतं. आमचा मुक्काम म्हणूनच वेळासला असतो.

बाणकोटच्या किल्ल्यात काय बघायचं?

हिम्मतगड हे त्याचं दुसरं नाव. मघाशी बसाल्ट होता, इथे जांभा. किल्ला त्या तांबड्या दगडाचाच बांधलेला आहे, हा फरक मुलांना दाखवावा. इंग्रजांनी हा किल्ला आंग्र्यांकडून घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. पण तटावर उभं राहिलं की इतिहासाआधी सावित्री दिसते. महाबळेश्वराला उगम पावलेली नदी पायाशी समुद्राला मिळते, आणि पलीकडे सकाळी आपण ज्याला वळसा घातला तो हरिहरेश्वराचा डोंगर असतो. दुर्बीण असेल तर इथेच काढा. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड या भागात घरटी करतो.

शंख-शिंपले घरी आणू का?

नको. रिकाम्या दिसणाऱ्या शंखात बहुतेकदा शंखवासी खेकडा राहत असतो. जिवंत शंख तर उचलूच नये. काही शंकूच्या आकाराचे शंख विषारी दंश करतात. किनाऱ्यावर पडलेला साप मेलेला वाटला तरी लांब राहा, समुद्रसाप विषारी असतात.

जेवणाची सोय?

हरिहरेश्वरात आणि वेळासला घरगुती जेवण मिळतं, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. मासे हवे असतील तर तेही तेव्हाच सांगा. सोलकढी दोन वाट्या प्या.

नाशिकहून कसं जायचं? एका दिवसात परत येता येईल?

चालणं एका दिवसाचं, प्रवास वेगळा. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. भिवंडी-कल्याण, पनवेल, वडखळ, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा रस्ता. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. दुसरा रस्ता पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरतो, तो लांब पडतो. कोकण रेल्वेवर माणगाव स्टेशन आहे, तिथून पुढे एसटी किंवा जीप.

आम्ही आदल्या दिवशी सकाळी नाशिक सोडतो, संध्याकाळी हरिहरेश्वरला मुक्काम करतो, दुसऱ्या दिवशी चालतो, रात्र वेळासला आणि तिसऱ्या दिवशी परत. रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट खडकावर उतरायचा बेत कुणी मांडला तर त्याला बरोबर घेत नाही. झोप न झालेल्या माणसाचा पाय शेवाळावर सगळ्यांत आधी सरकतो.

काही विपरीत घडलं तर?

रुग्णवाहिकेसाठी १०८, कुठल्याही आणीबाणीत ११२, समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४. कड्याखाली मोबाइलला रेंज जाते, म्हणून आमच्यातला एक जण कायम वर देवळापाशी थांबतो. त्याच्याकडे खाली उतरलेल्यांची यादी आणि परतायची वेळ लिहिलेली असते. कुणी पाण्यात पडलं तर मागून उडी मारायची नाही. दोरी, रिकामा पाण्याचा कॅन, सॅक, जे तरंगेल ते फेकायचं, त्या माणसावरची नजर हटू द्यायची नाही आणि एकाने गावाकडे पळायचं. वीस मीटर दोरी आमच्या सामानात असते. ती कुणाच्या सॅकमध्ये आहे, हे उतरण्याआधी सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.